रुमालाखालची भाषा : दलालांच्या खुणा आणि ठगांची बोली

अरबीत ‘रम्ज’ म्हणजे गूढ खूण. त्याचे अनेकवचन ‘रुमूज’. हा शब्द मराठीत ‘रमूज’ होऊन आला आणि गंमत, मौज या अर्थाने स्थिरावला. ‘इशारा’ हा शब्द उर्दूत मुख्यतः डोळ्याची किंवा हाताची खूण दाखवतो. मराठीत तो अर्थ आहेच, परंतु वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘इशारा’ म्हणजे बहुधा धोक्याची ताकीद. अशा प्रकारे एका शब्दाच्या वाट्याला गंमत आली, तर दुसऱ्याच्या वाट्याला धोका. सांकेतिक भाषांच्या इतिहासातही असेच घडलेले दिसते. काही संकेत धंद्यातील कसब म्हणून नोंदले गेले, तर काही गुन्ह्याचा पुरावा म्हणून. ‘रुमाल’ या एकाच वस्तूच्या आधारे हा फरक तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

‘रुमाल’ हा फारसी शब्द. ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. आपल्या गुरांच्या बाजारांत मात्र रुमाल हात झाकण्यासाठीही वापरला गेला. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हात मिळवतात, बोटे दाबून भाव सांगतात, आणि भोवती उभ्या असलेल्या लोकांना किंमत कळत नाही. ही पद्धत बरीच जुनी आहे. इटालियन प्रवासी लुडोविको दि व्हार्थेमा याचे प्रवासवृत्त १५१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कालिकतच्या बाजारात दलाल कापडाखाली विक्रेत्याची बोटे धरून मोठमोठ्या रकमांचे सौदे कसे करीत, याचे वर्णन आहे.

याहून नेमकी माहिती फ्रेंच जवाहिर तॅव्हर्निये देतो. त्याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये पॅरिसला छापले गेले. दख्खनच्या हिऱ्यांच्या खाणींवर चालणारा सौदा त्याने स्वतः पाहिला होता. घेणारा व देणारा समोरासमोर बसत, आणि कमरेच्या वस्त्राखाली एकजण दुसऱ्याचा हात धरी. पूर्ण पंजा धरला तर हजार. जितक्या वेळा दाबला तितके हजार. पाचच बोटे धरली तर पाचशे, एक बोट धरले तर शंभर. बोटाच्या मधल्या पेरापर्यंत धरले तर पन्नास, टोकाचे पेर धरले तर दहा. तोंडातून एक शब्द न काढता व्यवहार पुरा होई. या पद्धतीत बोली, लिपी वा धर्म आड येत नाही. ज्या बाजारात तेलुगू, कन्नड, गुजराती, फारसी आणि दखनी बोलणारे एकत्र येत, तेथे तिची उपयुक्तता उघड आहे.

हाताच्या खुणांना जोड होती शब्दांची. मराठी व्यापाऱ्यांच्या सांकेतिक बोलीला ‘नंदभाषा’ म्हणतात. तिच्यात एकाला केवली, दोनाला आवारू, तिनाला उधानू, चाराला पोकू, पाचाला मुळू, साताला पवित्र आणि दहाला अंगुळू म्हणत. विसोबा खेचरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका अभंगात शंकराची मुखे, नेत्र आणि हात याच शब्दांनी मोजले आहेत. बाजारातील गुप्त शब्द भक्तिरचनेत आला, आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. ‘करपल्लवी’ आणि ‘नेत्रपल्लवी’ हे शब्दही मराठीने कौतुकानेच जपले आहेत.

आता दुसरा रुमाल पाहू. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ मध्ये कलकत्त्याहून ‘रामसीआना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ठगांच्या ‘रामसी’ बोलीचा हा कोश. गळा आवळणारा तो ‘भुर्तोट’, प्रवाशाला गोड बोलून फसवणारा ‘सोठा’, खड्डा खणणारा ‘लुघा’. हेरलेल्या प्रवाशाला म्हणत ‘बनिज’, म्हणजे व्यापाराचा माल. खुनाचा इशारा म्हणजे ‘झिरनी’. तो तंबाखू मागण्यासारख्या अगदी साध्या वाक्यातून दिला जाई. ठग तो ‘औला’, बाहेरचा तो ‘बीटू’. अनोळखी माणूस आपल्यातला आहे की नाही, हे पाहण्यासाठी ‘औले भाई, रामराम’ किंवा ‘औले खान, सलाम’ असे अभिवादन केले जाई. ही दोन्ही अभिवादने एकाच कोशात शेजारी शेजारी आहेत. ठगी एका धर्माच्या माथी मारणाऱ्यांनी ही नोंद अवश्य पाहावी.

हा कोश तयार कसा झाला, हेही पाहिले पाहिजे. स्लीमनला शब्द सांगणारे होते माफीचे साक्षीदार. त्यांचा जीव त्यांच्या जबानीवर अवलंबून होता. वाटमारी आणि खून खरे होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु विखुरलेल्या टोळ्यांचे शब्द एका ग्रंथात आले की त्यांतून एक अखंड, वंशपरंपरागत ‘ठग समाज’ उभा राहतो. त्याच वर्षी, १८३६ मध्ये, तिसावा कायदा झाला. ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप देता येऊ लागली. विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातीच जन्मतः संशयित ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्या जमातींवरचा कलंक कायद्याबरोबर गेला नाही.

दोन्ही रुमालांच्या मागे एकच तत्त्व आहे : आपल्यातल्याला कळावे, परक्याला कळू नये. तॅव्हर्निये स्वतः ग्राहक होता, म्हणून त्याला त्यात हुशारी दिसली. स्लीमन पोलिसी कामावर होता, म्हणून त्याला कट दिसला. गुप्त बोली ही स्वतः गुन्हा नव्हे आणि निर्दोषपणाचा दाखलाही नव्हे. ती कोणी, कोणाकडून आणि कोणत्या दडपणाखाली नोंदवली, हा इतिहासाचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

आपल्या महाविद्यालयांना याचा थेट उपयोग आहे. विद्यार्थ्यांचे आजोबा-चुलते गुरांच्या बाजारात, आडतीवर, कसाईखान्यात वा सराफकट्ट्यावर वावरलेले असतात. त्यांच्याकडचे शब्द आणि खुणा विद्यार्थ्यांनी उतरवून घ्याव्यात. स्थळ, दिनांक व व्यवसाय लिहावा, आणि सांगणाऱ्याची संमती आधी घ्यावी. ही नोंद आपण केली नाही, तर ती दुसरा कोणी त्याच्या कारणासाठी करील.