भिंगाची किल्ली

अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 चे, म्हणजे इसवी सन 1060 चे. 1868 साली मुंबई सरकारने त्याची रेखाचित्रे, साचे आणि छायाचित्रे करवून घेतली. त्या काळी भिंगाबरोबर पातळ पितळी पट्ट्या मिळत. प्रत्येकीला वेगळ्या मापाचे भोक. हवी ती पट्टी भिंगाच्या खाचेत सरकवली की आत येणारा प्रकाश ठरला! ही युक्ती जॉन वॉटरहाउस यांनी 1858 साली काढली.

छिद्र लहान केले की प्रकाश कमी होतो, पण पुढची मूर्ती आणि मागचा खांब दोन्ही रेखीव उमटतात. उल्हासनगर-बदलापूरकडून कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना हा अनुभव असेलच. बाहेरच्या खोल कोरीवकामाला छिद्र लहान हवे, पायऱ्या उतरून गाभाऱ्याच्या अंधारात गेले की मोठे हवे. छिद्रावर ताबाच नसेल, तर उत्तम भिंग घेऊन करायचे काय?

पुढे पट्ट्या गेल्या. भिंगातच पाकळ्या आल्या, बाहेर त्या फिरवणारे कडे आले. कडे 4 वरून 5.6 वर नेले की प्रकाश निम्मा. 1949 पासून रूढ झालेली 42 मिलिमीटर आट्यांची भिंगे अशीच. आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यावर ती अडॅप्टर लावून सहज बसतात. मात्र काहींच्या पाठीला बारीक खिळी असते. ती दाबली तरच पाकळ्या मिटतात. तेव्हा भिंगाला हाताने चालवण्याचा खटका नसेल, तर खिळी दाबणारा अडॅप्टर घ्यावा.

निकॉनच्या ‘जी’ भिंगांवर कडेच उरले नाही. बहुतेकांना मागे एक तरफ असते. कॅमेऱ्यापासून सुटली की स्प्रिंग पाकळ्या मिटवून टाकते. अडॅप्टरचे कडे ती तरफ ढकलते खरे, पण माप अंदाजानेच घ्यायचे.

1987 साली कॅननने तरफही काढली आणि भिंगात विजेची मोटर बसवली. साध्या अडॅप्टरवर हे भिंग मुकेच! त्यावर एक जुगाड आहे. कॅननच्याच कॅमेऱ्यावर छिद्र ठरवायचे, छिद्राचा परिणाम आधी दाखवणारे बटन दाबून धरायचे आणि तसेच भिंग काढायचे. छिद्र आहे तिथेच राहते. नाहीतर वीज आणि निरोप पोचवणारा अडॅप्टर घ्यावा लागतो.

सोय वाढत गेली, तशी किल्ली छायाचित्रकाराच्या हातून कॅमेऱ्याकडे गेली. म्हणून दुसऱ्या कंपनीचे भिंग घेताना काच मागाहून पाहावी. पाकळ्या कोण हलवणार, हे आधी विचारावे.