पाट, होडी आणि कोपी

इंग्लंडच्या कालव्यांवर होडीत राहणाऱ्या माणसांचे व्हिडिओ आपल्याकडची मुलं हल्ली आवडीनं बघतात. होडी जेमतेम ७ फूट रुंद, लांबी मात्र ७० फुटांपर्यंत. आत शेगडी, पलंग, कपाट, न्हाणी, सगळं एका ओळीत, आगगाडीच्या डब्यासारखं. त्याला नॅरोबोट म्हणतात. माझ्या भाच्यानं असाच एक व्हिडिओ बघून विचारलं, "मामू, आपल्या जिल्ह्यात एवढे कॅनॉल आहेत, मग आपल्याकडे कुणी होडीत का राहत नाही?" प्रश्न पोरकट वाटला तरी तो पोरकट नाही. त्याचं उत्तर शोधताना नगर जिल्ह्याचा पाण्याचा इतिहास बराचसा उलगडतो, आणि शेवटी उत्तर होडीपाशी थांबत नाही.

आधी त्या होड्यांविषयी. १७६१ साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकचा कालवा सुरू झाला आणि त्याच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला पाण्यावरून जाऊ लागला. काठावरून एक घोडा दोर ओढत चालायचा आणि मागून पंचवीस-तीस टन माल सरकत यायचा. तेवढ्या मालाला बैलगाड्या किती लागतील याचा हिशेब आपल्याकडच्या कुणालाही तोंडी करता येईल. चढ आला की 'लॉक' लागतो. ही दोन्ही बाजूंना दारं असलेली पाण्याची खोली. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरू द्यायचं, होडी वर येते. मात्र दर वेळी सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जातं. इंग्लंडात ते परवडतं, कारण तिथे वर पाऊस आहे आणि खाली कुणाचा ऊस वाळत नाही. तरीही कोरड्या उन्हाळ्यात तिकडे लॉक बंद ठेवावे लागतातच.

होडी चालायला पाणी संथ लागतं, शेताला पाणी वाहतं लागतं. भाच्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं आपल्याच गोदावरीच्या खालच्या टोकाला सापडतं. कोपरगावावरून जाणारी ही नदी आंध्रात पोचते तेव्हा जमीन पोळपाटासारखी सपाट झालेली असते. सर आर्थर कॉटन या इंजिनिअरनं धवळेश्वरमला घातलेला बांध १८५२ मध्ये पुरा झाला. तिथून निघालेल्या कालव्यांतून भातशेतीला पाणीही जायचं आणि होड्याही चालायच्या. हा कॉटन पुढे आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिला, की हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा होड्या चालतील अशा कालव्यांची गरज जास्त आहे. सरकारनं रेल्वे निवडली. दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून १८७८ मध्ये सुरू झाला. कॉटनचं म्हणणं मान्य झालं असतं तरी आमच्या भागात होड्या चालल्या असत्या असं मला वाटत नाही. दख्खनचा उतार, आठ महिने कोरडे ओढे आणि पावसाचा लहरीपणा यापुढे कॉटनचाही इलाज नव्हता.

हे इंग्रजांच्या तीनशे वर्षं आधी निजामशाहीच्या कारागिरांना पुरतं कळलेलं होतं. १४९० च्या सुमारास मलिक अहमदनं स्वतंत्र राज्य मांडलं आणि लगेच शहर वसवायला घेतलं. शहराला पाणी कुठून आणायचं? सीना नदी पावसाळ्यापुरती. मग कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा उंचावरच्या गावांकडून पाणी आणलं, तेही जमिनीखालून. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून चुन्यानं सांधलेले, ठरावीक अंतरावर हवा बाहेर पडायला उसासे, आणि शहरात जागोजागी हौद. उतार इतका हलका की पाणी धावत नाही आणि थांबतही नाही. वर ऊन कितीही तापो, आतलं पाणी उडून जात नाही. शत्रूनं वेढा दिला तर नळ कुठून जातो हे त्याला चटकन दिसत नाही. आपण त्याला खापरी नळ म्हणतो. पुढे मलिक अंबरनं खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, हीच विद्या नेली. तिथली नहर लोकांना पाणचक्कीमुळे ठाऊक आहे. नगरच्या नळांना तसं सुंदर निमित्त मिळालं नाही, म्हणून ते विस्मरणात गेले. नगरचा इतिहास सांगताना आपण तलवारी फार मोजतो आणि हौद फार कमी. या हौदांवरून घरोघर पाणी पोचवणारे भिस्ती आणि पखाली तर मोजणीत कधी आलेच नाहीत.

सलाबतखानाचंच बघा. मुर्तझा निजामशहाचा हा वजीर. नगरच्या पूर्वेला शाह डोंगरावर त्याची तीन मजली अष्टकोनी कबर आहे, आणि अख्खा जिल्हा तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतो. फराहबाग पुरा करण्यात त्याचा हात होता. पाण्याच्या मध्यभागी उभा असलेला तो महाल आज कोरड्या खड्ड्यात उभा दिसतो. पण माझ्या लेखी त्याचं मोठं काम म्हणजे भातोडीचा तलाव. १६२४ मध्ये मलिक अंबरनं मोगल आणि विजापूरच्या एकत्रित फौजांना इथे गाठलं तेव्हा तलावाचं पाणी सोडून त्यांच्या छावणीचा चिखल केला, हे आपण शाळेत शिकतो. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. लढाईचा दिवस सोडला तर बाकीचा काळ तो तलाव शेतीसाठी होता, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो दुरुस्त करून त्यावर पुन्हा पाट चालवला.

मोठे पाट आले ते त्यानंतर. प्रवरेवर संगमनेर तालुक्यात ओझरचा बंधारा १८७० च्या दशकातला. पण बंधाऱ्याला पाठीमागे साठा नसेल तर उन्हाळ्यात पाट कोरडाच. म्हणून अकोले तालुक्यात, रतनगडाच्या पायथ्याकडे, भंडारदऱ्याचं धरण १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. उंची २७० फूट. त्याच सुमारास दारणेच्या पाण्यावर गोदावरीचे कालवे कोपरगाव-राहात्याकडे आले. ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला, सासवडकडचे माळी बागाईतदार येऊन वसले, आणि १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. पाण्याबरोबर चोपणही आलं. भरमसाट भिजवलेल्या काळ्या जमिनी क्षारानं पांढऱ्या पडल्या. ते दुखणं अजून पुरतं बरं झालेलं नाही.

माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, या पाटावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. कालव्यातून चारी फुटते, चारीतून पोटचारी, पोटचारीतून शेत. प्रत्येक फाट्याला दार. आवर्तन सुटलं की कुणाच्या शेताला किती तास पाणी, हे पाळीनं ठरतं. सात नंबरचा अर्ज भरलेला असेल त्यालाच पाणी. ही पाळी जमिनीवर खरी करणारा माणूस म्हणजे पाटकरी. हातात दाराची चावी, कंदील, नंतर बॅटरी. रात्री दोनला कुणाचं पाणी सुटायचं असेल तर दोनला तिथे हजर. शेतकरी वाफ्यात दारं धरून उभा, आणि वरच्या अंगाला कुणीतरी हळूच पाट फोडून ठेवलेला. भांडण मिटवायचं, फुटलेलं बुजवायचं, गाळ आणि पाणकणीस काढून घ्यायचं. 'हेड'च्या माणसाला ऊस आणि 'टेल'च्या माणसाला आश्वासन, हे पाटाचं जुनं गणित दादांना बदलता आलं नाही. पण टेलच्या लोकांना ते निदान खरं सांगत. "आज रातकू पानी नै आता, सो जाव," असं स्वतः चालत जाऊन सांगून येत, म्हणजे माणूस थंडीत उगाच ताटकळत राहू नये.

फजरची वजू त्यांनी अनेकदा पाटाच्याच पाण्यानं केली. आवर्तन असलं की बायका धुणं घेऊन येत, म्हशी डुंबत, आम्ही पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. मोहरमचे ताबूत आणि गणपती, दोन्ही त्याच पाटात थंडे व्हायचे. त्या वेळी पाणी सुटलेलं असावं म्हणून गावातली मंडळी एकत्रच अर्ज घेऊन जायची. आवर्तन संपलं की पाट आठवडेच्या आठवडे कोरडा. तळाला भेगा पडायच्या आणि आम्ही त्यात क्रिकेट खेळायचो. अशा पाटात होडी बांधून ठेवणार कुठे?

म्हणजे पाटावर कुणी राहतच नाही का? राहतं. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि बीड जिल्ह्यातून ऊसतोडीची बिऱ्हाडं बागाईत पट्ट्यात येतात. गाडीत भांडी, पीठ, शेळी, लहान मूल. पाटाच्या कडेला किंवा कारखान्याच्या माळावर चटई, बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी उभी राहते. आत एक माणूस सरळ उभा राहील एवढी उंची. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या आणि थंडीत फडात जायचं. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, आणि दोघांची मिळून गणना होते 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, म्हणून हंगाम संपेपर्यंत निघता येत नाही. वाढे विकून चार पैसे वरखर्चाला मिळतात. एप्रिलच्या सुमारास कोपी मोडायची आणि परत. होडीनं जाऊ शकला असता तो माल आपल्याकडे बैलगाडीनं गेला, आणि घरही त्याच गाडीमागून गेलं.

आता पुन्हा इंग्लंडच्या होडीकडे या. व्हिडिओत दिसतं ते तिथलं आजचं सुखवस्तू राहणं आहे. रेल्वे आल्यावर कालव्याचं भाडं कोसळलं, तेव्हा होडीवाल्यांना घरभाडं आणि मजूर दोन्ही परवडेना. त्यांनी बायकापोरांना होडीवर आणलं. मागच्या टोकाला सुमारे १० फुटांची कोठडी, त्यात अख्खं कुटुंब. बायको सुकाणू धरायची, मुलं घोडा हाकायची आणि लॉकची दारं ढकलायची. मजुरी मात्र एकट्या नवऱ्याच्या नावानं. बिऱ्हाड सारखं फिरतं म्हणून मुलांना शाळा नाही. आतून-बाहेरून गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवलेल्या त्या होड्या आज फोटोत गोड दिसतात.

कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसानं या मुलांचा प्रश्न हाती घेतला. तो लहानपणी स्वतः वीटभट्टीवर राबलेला होता, आणि भट्ट्यांवरच्या मुलांसाठी आधी झगडून आला होता. त्याच्या खटपटीमुळे १८७७ मध्ये कालव्यावरच्या होड्यांचा कायदा झाला. राहती होडी नोंदवायची, तिच्यात किती माणसं राहू शकतात ते ठरवायचं, आणि मुलं शाळेच्या हिशेबात धरायची. कायदा ढिला निघाला म्हणून १८८४ मध्ये तपासणीची तरतूद घट्ट करावी लागली. तरी होडीवरची कितीतरी मुलं विसाव्या शतकातही निरक्षरच मोठी झाली. घर हलतं असलं की हजेरीपट मागे राहतो.

आपल्याकडे साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, बऱ्याच बंद पडल्या. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आणली. मुलाला गावीच ठेवायचं, ही त्यामागची कल्पना मला साखरशाळेपेक्षा बरी वाटते. पण तान्हं मूल वसतिगृहात ठेवता येत नाही, आणि त्याला सांभाळायला म्हणून थोरली बहीण आईबरोबर निघते. ती आठ-नऊ वर्षांची असते. फडाच्या बांधावर झोळी हलवत बसलेली ती मुलगी नगर जिल्ह्यात प्रत्येकानं पाहिलेली आहे.

निळवंडे धरणाला मंजुरी मिळाली १९७० मध्ये, आणि त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २०२३ च्या ऑक्टोबरात. मधे एक पिढी टँकरवर गेली. पन्नासहून अधिक वर्षं वाट पाहिलेल्या शिवारांत आता पाणी येतं आहे, आणि त्याचा आनंद मलाही आहे. भाच्याला मी तो कालवा दाखवायला नेणार आहे. हंगामात नेईन म्हणतो, म्हणजे पाण्याबरोबर तिथे ऊस आणि कोप्या आल्यात का, तेही दिसेल. त्याचं वय नऊ आहे.