टायर, घोडे आणि जकात

परदेशातून वस्तू मागवणाऱ्या माणसाची एक भाबडी समजूत असते, की वस्तूला एकच किंमत असते. माल बंदराला लागेपर्यंत ही समजूत टिकते.

आमच्या नगरात (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण एसटीच्या दारात अजून "नगर, नगर, नगर!") एक स्नेही जुनी विलायती मोटार पाळून आहेत. 'पाळून' हाच शब्द बरोबर. कारण ती धावते कमी आणि उभ्या उभ्या खाते जास्त. तिच्या मापाचे टायर इकडे मिळेनात, म्हणून चार टायर बाहेरून मागवावेत असे त्यांनी ठरवले आणि हिशेब मांडला. टायरची किंमत, जहाजाचे भाडे, विमा. या तिघांच्या बेरजेवर सीमाशुल्क, शुल्कावर अधिभार, आणि झालेल्या सगळ्या बेरजेवर पुन्हा कर. म्हणजे भाडे भरले म्हणूनही कर! शिवाय आयएसआयचा शिक्का हवा, आणि जून २०२० मध्ये नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले ते वेगळेच. कागद खाली ठेवून स्नेही म्हणाले, "अहो, एवढ्यात अरबी घोडा आला असता!"

आता नगरकराने घोड्याचे नाव जरा बेताने काढावे. हाच हिशेब या गावाने पाचशे वर्षांपूर्वी एकदा करून पाहिलेला आहे.

दख्खनच्या सुलतानांचे राज्य घोडदळावर चाले आणि चांगला घोडा येई अरबस्तान-इराणातून, होर्मुझच्या बाजारातून, समुद्रमार्गे. इकडची हवा आणि चारा त्याला मानवत नसे, त्यामुळे मागणी कधी थांबत नसे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने दक्षिण किनाऱ्याबद्दल लिहून ठेवले आहे, की घोडे विकणारे व्यापारी नालबंदांना मात्र इकडे येऊ देत नाहीत. घोडा लवकर मेला की दुसरा खपतो! सुटे भाग न पाठवण्याची युक्ती आजची आहे असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ठाण्याच्या राजाचे तर चाच्यांशी संगनमत होते: लुटीतला बाकी माल तुमचा, घोडे तेवढे आमचे. यापेक्षा स्वस्त आयात आजवर कोणाला साधलेली नाही.

१४७० च्या आसपास आफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. एकच घोडा! जुन्नरला तिथल्या खानाने तो काढून घेतला आणि बजावले, धर्म बदललास तर घोडाही परत आणि वर हजार मोहरा. नाही तर घोडा गेला, शिवाय हजारांचा दंड. अखेर एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा घोडा सुटला. माल अडकला की ओळखीचा माणूस शोधायचा, ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे पाहा. या निकितीनने इथे घोड्यांना खिचडी शिजवून घालतात अशीही नोंद केली आहे. म्हणजे पेट्रोलचा खर्च तेव्हाही होताच.

पुढे जुन्नरच्याच मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला, निजामशाही उभी राहिली आणि आमचे नगर वसले. चौल हे या राज्याचे बंदर. पण तोवर समुद्रावर पोर्तुगीज येऊन बसले. त्यांचा 'कार्ताझ' म्हणजे परवाना जवळ नसेल, तर जहाज जप्त. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर घोड्यांचा व्यापार त्यांनी तिकडे वळवला. सीझर फेडेरिची हा व्हेनिसचा व्यापारी तिथली पद्धत सांगतो. जहाजात वीस घोडे असतील तर इतर मालावर जकात माफ, घोडे नसतील तर शेकडा ८. आणि गोव्यातून घोडा बाहेर काढताना दर घोड्यामागे ४२ पगोडा. आणणाऱ्याला सवलत आणि नेणाऱ्याला चाट!

आमच्या बुऱ्हाण निजामशहाला घोडे तर हवेतच. चौलमधून घोडे आणण्याची मुभा मिळावी म्हणून त्याने १५२१ च्या सुमारास पोर्तुगीजांना तिथे किल्ला बांधू दिला. कागदावर हा सौदा फायद्याचाच दिसला असणार. पन्नास वर्षांनी, १५७०-७१ मध्ये, मुर्तजा निजामशहाने मोठी फौज घेऊन त्याच किल्ल्याला वेढा घातला. कित्येक महिने लढूनही किल्ला हाती आला नाही, आणि शेवटी तह करावा लागला. तो किल्ला पोर्तुगीजांकडून सुटला १७४० मध्ये, मराठ्यांच्या हाती. तोवर निजामशाही बुडून शंभर वर्षे उलटली होती. घोड्यांच्या बिलात किनारा गेला, आणि ती रक्कम कुठल्याच यादीत लिहिलेली नव्हती.

याच समुद्रावरून माणसेही विकायला येत. त्यांतलाच इथिओपियात जन्मलेला, बाजारामागून बाजारात विकला गेलेला एक मुलगा निजामशाहीच्या पेशव्याने विकत घेतला. तोच पुढे मलिक अंबर झाला, आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत त्याने मोगलांपुढे निजामशाही उभी धरली. त्याच्या किमतीचा हिशेब मांडायला कुठलाही जकातदार पुरा पडणार नाही. मांडूही नये.

घोड्यांचा प्रश्न सुटला तो घरीच. भीमेच्या काठी अरबी रक्त आणि देशी तट्टू यांच्या संकरातून भीमथडी जात तयार झाली. दिसायला बेताची, खायला थोडकी, घाट चढायला पक्की. असल्या तट्टांवरून मराठे १७५८ मध्ये अटकेपर्यंत गेले. खिचडीवाचून गेले, हे विशेष.

आजही नगरला कोणी आले, की मी त्याला रणगाडा संग्रहालय दाखवायला नेतो. तिथे रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे. टायर पाहणाऱ्यांनी ती पाहावी. आणि १९६५ च्या युद्धात हाती लागलेला अमेरिकन बनावटीचा पॅटन रणगाडाही आहे. ना परवाना, ना विमा, ना जकात. पाहुणे म्हणतात, "फुकटात पडला की हो!" मी त्यांना त्या लढाईत कामी आलेल्या जवानांबद्दल सांगतो. मग पाहुणे टोपी काढतात.