आवाज तुटतोय

मीरा रोडच्या नया नगरातल्या आमच्या इमारतीत संध्याकाळी जिन्यात उभं राहिलं, की एकच तक्रार दोन भाषांत ऐकू येते. पहिल्या मजल्यावरच्या खाला कुवेतच्या मुलाला ओरडून सांगत असतात, "आवाज कट रहा है!" (लखनौला 'रही है' म्हणाले असते, मुंबईच्या हिंदीत आवाज मराठीसारखाच पुल्लिंगी.) वर आमच्या घरात, "अगं, आवाज कट होतोय." दोन्ही 'कट' कानाला जुळे, पण कूळ वेगळं. खालांचा 'कट' संस्कृत 'कर्तन'च्या घरातला, आपल्या कात्रीचा भाऊबंद. आमचा मात्र थेट इंग्रजीतून उचललेला. आजी असती तर म्हणाली असती, आवाज तुटतोय.

तुटतं ते काय? इंटरनेटवरून बोलणं सलग जात नाही. साधारण २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा पाकिटात घालून रवाना होतो. 'पॅकेट' हे नाव १९६०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड डेव्हिस यांनी मुद्दाम निवडलं. इतर भाषांतही सहज उतरेल असा शब्द त्यांना हवा होता. मराठीत तो कधीच उतरलेला होता: अहेराचं पाकीट, सिगरेटचं पाकीट, आणि मीरा रोडला लोकलच्या दारात मारलं जातं तेही. मारलेलं परत मिळत नाही, तसंच कॉलमधलं हरवलेलंही सहसा कोणी पुन्हा मागवत नाही; ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. फोन ती फट आधीच्याच आवाजाने लिंपतो आणि खालांचा मुलगा घटकाभर यंत्रमानव होतो.

'जिटर'चं दुखणं निराळं. पाकिटं निघतात समान अंतराने, पोचतात मात्र दोन एकदम आणि मग बराच वेळ एकही नाही. विरार लोकलच्या प्रवाशाला हे समजावायला नको. म्हणून फोन आलेली पाकिटं जरा थोपवून धरतो आणि लयीत सोडतो. पण थोपवणार किती? बोलणं पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त लागू लागले, की हळूहळू दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसू लागतात. मग फार उशिरा आलेलं पाकीट सरळ टाकून द्यायचं. पोचलं, तरी हरवलेल्यांत जमा.

आजीचं 'तुटणं' इथे कामाला येतं. ते संस्कृत 'त्रुट्'चं. अर्थसंकल्पातली 'तूट' त्याचीच, अर्ज परत येतो ती 'त्रुटी'ही त्याचीच. आणि संस्कृतात त्रुटी म्हणजे काळाचा कणही. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त (११५०) निमेषाचा तीन हजारावा भाग म्हणजे त्रुटी. त्यांचा निमेष आपल्या हिशेबाने सुमारे ८९ मिलिसेकंदांचा. तेवढ्यात कुवेतहून चार पाकिटं सुटलेली असतात. उणीव आणि वेळ, दोन्ही एकाच शब्दात.

खाला आता राउटरपाशी जाऊन उभ्या आहेत. "हां, अब आया." तुटलेला आवाज हिंदीत काय, मराठीत काय, जोडला जात नाही, येतो.