कुलूप, किल्ली आणि मंगळ : १९९७ च्या एका बिघाडाचा इतिहास (थ्रेड)

४ जुलै १९९७. मंगळावरच्या ‘आरेस व्हॅलिस’ या प्राचीन पूरमैदानावर हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेले एक यान आदळले, किमान १५ वेळा उसळले आणि अखेर स्थिरावले. हे ‘मार्स पाथफाइंडर’. दोन दिवसांनी त्याच्या उतरंडीवरून ‘सोजर्नर’ ही साडेदहा किलोंची छोटी गाडी मंगळाच्या मातीवर उतरली. दुसऱ्या एखाद्या ग्रहावर फिरलेले हे मानवाचे पहिले चाकांचे वाहन. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर काय घडले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

यानाने हवामानाची माहिती गोळा करायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत त्याचा मुख्य संगणक अधूनमधून आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. एकदा नव्हे, अनेकदा. आधी जमवलेली वैज्ञानिक माहिती शाबूत राहत असे. पण त्या दिवसाची उरलेली सारी कामे रद्द होत आणि दुसऱ्या दिवसावर जात. मूळ योजनाच अवघ्या ३० दिवसांची होती. त्यातला प्रत्येक गमावलेला दिवस म्हणजे काय, हे पॅसेडिना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना वेगळे सांगायला नको होते. यान इतके दूर होते की, रेडिओचा संदेश एका दिशेने पोहोचायलाच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे.

वृत्तपत्रांनी कारण दिले : संगणक एकाच वेळी फार कामे करू पाहत होता. हे अगदीच खोटे नव्हते, पण त्यातून काही कळतही नव्हते. गर्दीत माणूस पडला, तर ‘गर्दी होती’ एवढे सांगून भागत नाही. धक्का कोणाचा लागला, हे सांगावे लागते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आधी साधनांकडे पाहू. या घटनेची दोन वर्णने प्रसिद्ध आहेत, दोन्ही डिसेंबर १९९७ मधली. पहिले मायक्रोसॉफ्टमधील संशोधक माइक जोन्स यांचे. यानावरची ‘व्हीएक्सवर्क्स’ ही कार्यप्रणाली बनवणाऱ्या विंड रिव्हर कंपनीचे डेव्हिड विल्नर यांचे भाषण जोन्स यांनी एका परिषदेत ऐकले आणि त्याचा सारांश ईमेलने कळवला. तो हातोहात जगभर पसरला. दुसरे वर्णन ग्लेन रीव्ह्ज यांचे. पाथफाइंडरच्या उड्डाण-सॉफ्टवेअरच्या चमूचे ते प्रमुख होते. जोन्स यांचा सारांश वाचून त्यांनी त्यात दुरुस्त्या केल्या. म्हणजे एक ऐकीव बखर आणि एक प्रत्यक्ष कारभाऱ्याचा कागद. दुर्दैवाने आजही लेखांत आणि व्याख्यानांत बखरच अधिक उद्धृत होते. बखर रंजक आहे. जिथे दोघांत फरक पडतो, तिथे मी रीव्ह्ज यांच्या बाजूने जातो.

आता यंत्राकडे. यानात एकच मुख्य संगणक होता : आयबीएमच्या आरएस-६००० या घराण्यातली, किरणोत्सार सोसणारी आवृत्ती, १२८ मेगाबाइट स्मृतीची. रेडिओ, कॅमेरा आणि ‘१५५३’ नावाचा एक बस यांच्यासाठी त्याला स्वतंत्र जोडकार्डे होती. इथला बस म्हणजे अनेक उपकरणांना संगणकाशी जोडणारा सामाईक तारमार्ग. १५५३ हे १९७३ साली अमेरिकी हवाई दलासाठी ठरलेले मानक. एफ-१६ सारख्या लढाऊ विमानांत हाच मार्ग असतो. त्याची शिस्त लष्करीच आहे. मार्गावर एकच नियंत्रक. त्याने विचारल्याखेरीज कोणत्याही उपकरणाने बोलायचे नाही.

पाथफाइंडरमध्ये हा नियंत्रक सेकंदाला ८ फेऱ्या करी. उतरताना लागणारे त्वरणमापक आणि उंची मोजणारे रडार याच मार्गावर होते आणि हवामानाचे उपकरणही याच मार्गावर. फेऱ्यांचे हे बंधन सॉफ्टवेअरवाल्यांनी हौसेने घातलेले नव्हते; बसची यंत्रसामग्री कॅसिनी या शनियानाच्या प्रकल्पातून आली होती आणि तिच्यासोबत ही पद्धतही आली.

ही फेरी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचे दोन भाग होते. एकाला ‘नियोजक’ म्हणू : पुढच्या फेरीत कोणाला काय विचारायचे, हे तो आधी मांडून ठेवी. दुसरा ‘वितरक’ : फेरी संपली की आलेली माहिती उचलून ज्याची त्याला पोहोचवणे हे त्याचे काम. दोघांनाही फार वरचे प्राधान्य होते, नियोजकाला अधिक वरचे. जागा झाल्यावर नियोजक आधी एक गोष्ट तपासे : वितरकाचे मागचे वाटप पुरे झाले आहे का? झाले नसेल, तर ती गंभीर चूक मानायची आणि सारा संगणक नव्याने सुरू करायचा. हा नियम उतरण्याच्या थरारक मिनिटांचा विचार करता योग्यच होता. शिळ्या आकड्यांवर यान उतरवणे कोणाला परवडणार?

मंगळावर दर वेळी हीच चूक नोंदली जात होती. वितरकाला आपले काम वेळेत संपवता येत नव्हते. प्रश्न एवढाच उरला : इतक्या वरच्या प्राधान्याचे काम अडते कुठे?

उत्तर माहिती हातून हाती देण्याच्या पद्धतीत दडले होते. बहुतेक कामांना वितरक ‘दुहेरी बफर’मधून माहिती देई. बफर म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्यामधली तात्पुरती ठेवण्याची जागा. ती दुहेरी असली की एका कप्प्यात नवे लिहिले जाते, दुसऱ्यातले वाचले जाते, मग कप्प्यांची अदलाबदल होते. कोणी कोणासाठी खोळंबत नाही. अपवाद एकाच कामाचा : हवामानाचा. तापमान, वायुदाब आणि वारा यांची माहिती दुहेरी बफरमधून न जाता ‘पाइप’ नावाच्या रांगेतून जात असे. आपल्यासाठी काही आले आहे का, हे पाहण्यासाठी हवामानाचे काम ‘सिलेक्ट’ नावाची सेवा वापरी आणि त्या सेवेच्या पोटात एक कुलूप होते. वाट पाहणाऱ्यांच्या यादीला एका वेळी एकानेच हात लावावा, म्हणून.

वाड्याच्या कोठीचे उदाहरण घ्या. कोठीची किल्ली एकच. एक हरकाम्या किल्ली घेऊन आत शिरतो. त्याचे काम क्षणाचे असते. तेवढ्यात दिवाणजी येतात, त्यांनाही कोठीत जायचे आहे. दिवाणजी झाले तरी आत कोणी असताना त्यांना थांबावेच लागते, आणि क्षणभर थांबायला हरकतही नसते. पण नेमके तेव्हाच कारकून आणि शिलेदार हरकाम्याला बाहेर बोलावून आपापल्या कामांना जुंपतात. ते हरकाम्याहून वरचे, त्यामुळे तो नाही म्हणू शकत नाही. किल्ली त्याच्या कनवटीला आणि दिवाणजी दारात ताटकळत. कारकुनांना कोठीशी काही देणेघेणे नाही. आपण दिवाणजींना अडवतो आहोत, हे त्यांच्या गावीही नाही.

मंगळावर शब्दशः हेच होत होते. हवामानाचे काम सर्वात खालच्या थरांतले. त्याने कुलूप घेतले आणि ते सोडण्याआधीच मधल्या प्राधान्याच्या कामांनी त्याला बाजूला सारले. इतक्यात वितरक हवामानाची ताजी माहिती पाइपमध्ये टाकायला आला आणि कुलपापाशी थबकला. मधली कामे चालूच राहिली. पुढच्या फेरीची वेळ झाली, नियोजक जागा झाला आणि वितरकाचे काम अपुरे पाहून त्याने संगणक नव्याने सुरू करण्याचा हुकूम सोडला. यानावरची एकही वस्तू मोडलेली नव्हती. ड्रायव्हर, पाइप, कुलूप, प्राधान्ये, सारे आपापल्या नियमाने बिनचूक चालले होते.

या रोगाला संगणकशास्त्रात ‘प्राधान्यविपर्यय’ म्हणता येईल असे नाव आहे, आणि १९९७ साली तो नवा नव्हता. झेरॉक्समधील बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८० मध्येच त्याचे वर्णन केले होते. १९९० मध्ये लुई शा, भारतीय वंशाचे रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोक्झ्की यांनी त्यावरच्या उपायाचे सविस्तर गणित मांडले : वरचा जोवर कुलपापाशी अडला आहे, तोवर किल्ली असलेल्या खालच्या कामाला वरच्याचेच प्राधान्य द्यायचे. हरकाम्याला घटकाभर दिवाणजींची वस्त्रे चढवायची म्हणजे कारकून त्याला हात लावणार नाहीत. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती. ‘सिलेक्ट’च्या कुलपासाठी ती बंद होती.

रोग ठाऊक असला, तरी तो याच रोग्याला झाला आहे, हे सिद्ध करावे लागते. इथे या कथेतला माझ्या मते सर्वात मोलाचा भाग येतो. व्हीएक्सवर्क्स या संगणकावर नव्यानेच आणली गेली होती आणि सुरुवातीच्या एका आवृत्तीतला दोष शोधण्यासाठी डेव्हिड कमिंग्ज यांनी नोंदी ठेवणारी एक यंत्रणा लिहिली होती. विंड रिव्हरच्या लिसा स्टॅन्ली यांनी ती पाइप, सिलेक्ट आणि इतर सेवांना जोडली. कोणते काम केव्हा थांबले, काय घडले, हे सारे ती एका वर्तुळाकार बफरमध्ये लिहीत राही. जागा भरली की जुन्यात जुन्या नोंदीवर नवी चढे. पेशवे दफ्तरातल्या रोजनिशीसारखी नोंद, फक्त मागचा थोडाच काळ जपणारी.

ही यंत्रणा मंगळावरच्या सॉफ्टवेअरमध्येही होती. चुकून राहिली होती, असे नव्हे. जे तपासले तेच उडवायचे आणि जे उडवायचे तेच तपासायचे, असा त्या चमूचा दंडक होता. मंगळावरून मात्र तिच्या नोंदी मागवता येत नव्हत्या, कारण त्या रेडिओला झेपण्यापलीकडच्या होत्या. म्हणून प्रयोगशाळेतल्या जुळ्या यंत्रणेवर तीच कामे पुन्हा पुन्हा चालवण्यात आली. वितरक अपुरा सापडताच नोंदी थांबवून बाहेर काढायच्या, ही तजवीज नियोजकात आधीपासून होती. त्यामुळे एक ओळही बदलावी लागली नाही. १८ तासांच्या आत बिघाड पृथ्वीवर घडला. नोंदी समोर आल्या आणि मग तर्काची गरज उरली नाही.

आता अवघड प्रश्न. उड्डाणापूर्वी हे कोणालाच दिसले नव्हते का? दिसले होते. जोन्स यांच्या कथनात अभियंते नंतर ओशाळून कबुली देतात की, एक-दोनदा संगणक असा बंद पडला होता आणि यंत्रसामग्रीतली किरकोळ गडबड समजून तो विषय सोडून दिला गेला. रीव्ह्ज ‘दिसले होते’ हे मान्य करतात, पण चित्र बदलतात : शोधायला गेल्यावर ते पुन्हा घडेना, ते विसरले गेले नव्हते आणि क्षुल्लकही मानले नव्हते, मात्र सारे लक्ष यान सुखरूप उतरवण्याकडे होते आणि त्यापुढे याचा क्रम खालचा लागला. मला हे पटते. उतरण्यात चूक झाली असती तर मोहीम क्षणात संपली असती; हा बिघाड फार तर एक दिवस खाणारा होता. इथेही प्राधान्याचाच प्रश्न होता म्हणा! आणि रीव्ह्ज आणखी एक कारण देतात. चाचण्या झाल्या त्या अभियंत्यांना सर्वोत्तम वाटणाऱ्या परिस्थितीच्या. प्रत्यक्षात मंगळावरून माहिती पाठवण्याचा वेग आणि विज्ञानाची कामे अपेक्षेपेक्षाही अधिक निघाली, त्यामुळे मधल्या प्राधान्याची कामे वाढली आणि क्वचित जुळणारा योग वारंवार जुळू लागला. इतके चांगले चालेल, याची चाचणी कोणी केलीच नव्हती.

उपाय एका खुणेचा होता : कुलूप तयार होताना प्राधान्याच्या वारशाची सोय चालू करायची. पण ही खूण सामाईक. ती बदलली की ‘सिलेक्ट’ची पुढे बनणारी सगळीच कुलपे बदलणार. वेग घटेल का? दुसरेच काही बिघडेल का? कोट्यवधी किलोमीटर दूरच्या, आत्ता निदान चालू असलेल्या संगणकात हात घालण्यापूर्वी चमूने विंड रिव्हरच्या लोकांबरोबर हे प्रश्न तपासले आणि बदल प्रयोगशाळेत चालवून पाहिला.

बखरीत इथे एक सुंदर दृश्य आहे : यानावर प्रोग्रॅमिंगची एक जिवंत खिडकी उघडी राहिली होती आणि पृथ्वीवरून तिच्यात आज्ञा टाइप करून बिघाड दुरुस्त झाला. तसे झाले नाही. रीव्ह्ज सांगतात ती रीत रूक्ष आणि सावध आहे : जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरमधला फरक तेवढा पाठवायचा, यानावरच्या खास प्रोग्रॅमने तो पडताळायचा आणि मगच आपल्या प्रतीत बसवायचा.

पाथफाइंडरशी शेवटचा यशस्वी माहिती-संपर्क २७ सप्टेंबर १९९७ रोजी झाला. ३० दिवसांसाठी पाठवलेले यान जवळजवळ तिप्पट काळ चालले. त्या अवधीत मंगळाच्या हवेचा दाब, तापमान आणि वारा यांची सुमारे ८५ लाख मोजमापे पृथ्वीवर आली.