नवजात बाळाच्या पाठीतली शेगडी

१/ सातपुड्याच्या रांगांत, नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत, पौषातली रात्र कडाक्याची असते. अशा रात्री पाड्यावर जन्मलेले बाळ आईच्या उदरातील उबेतून ओल्या अंगाने थेट गारठ्यात येते. मोठ्या माणसासारखे कुडकुडून ऊब मिळवणे त्याला जवळजवळ जमत नाही. तरीही ते तग धरते. कशाच्या बळावर? या प्रश्नाच्या उत्तराला चार शतकांचा इतिहास आहे.

२/ १५५१. स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर याने आल्प्स पर्वतातील मार्मोट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्याच्या खांद्यांच्या फऱ्यांमध्ये एक विचित्र ऊतक पाहिले. ते धड चरबी नव्हते, धड मांसही नव्हते. पुढे दीर्घकाळ त्याला ‘शीतनिद्रेची ग्रंथी’ समजले गेले. आज आपण त्याला तपकिरी मेद म्हणतो. नवजात बाळाच्या फऱ्यांमध्ये, मानेत आणि मूत्रपिंडांभोवती तोच मेद असतो. त्याचा रंग येतो तो पेशींत खच्चून भरलेल्या, लोहयुक्त प्रथिने बाळगणाऱ्या तंतुकणिकांमुळे.

३/ १९६१ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. रॉबर्ट स्मिथ यांनी तपकिरी मेद उष्णता निर्माण करतो, असे मांडले. त्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी तंतुकणिकांविषयी एक धाडसी सिद्धांत मांडला. तो आरंभी फारसा कोणाला पटला नाही. १९७८ मध्ये मात्र त्याच सिद्धांतासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

४/ मिचेल यांचा सिद्धांत नर्मदेकाठच्या वाचकाला धरणाच्या उदाहरणाने सहज उमगेल. अन्नातील ऊर्जा वापरून तंतुकणिका आपल्या आतील पटलापलीकडे प्रोटॉन उपसून साठवते, जणू धरणात पाणी तुंबवावे. हे प्रोटॉन एका विशिष्ट प्रथिनाच्या चक्रातून परत येतात, तेव्हा एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते. या व्यवस्थेची अट एकच: पटल गळके नसावे.

५/ तपकिरी मेदाच्या तंतुकणिका मात्र गळक्या निघाल्या. त्या इंधन भराभर जाळत, पण त्या मानाने एटीपी फारच थोडे तयार होई. प्रयोगशाळेत वेगळ्या करताना त्या बिघडल्या असाव्यात, अशी शंका येणे स्वाभाविक होते.

६/ १९७३ मध्ये डेव्हिड निकोल्स आणि ओलोव्ह लिंडबर्ग यांनी या पटलातून आयन कसे ये-जा करतात, ते तपासले. प्रोटॉन आणि क्लोराइड आयन त्यातून विलक्षण सहजतेने पार होत होते. पण जीडीपीसारखे प्युरीन न्यूक्लिओटाइड मिसळले की ही वाट बंद होई. फाटलेले पटल अशा एखाद्या रेणूने सांधले जात नाही. ज्याअर्थी वाट बंद करता येते, त्याअर्थी तेथे दार असले पाहिजे.

७/ १९७८ पर्यंत ते दार हाती लागले: सुमारे ३२,००० डाल्टन वजनाचे एक प्रथिन, आजच्या भाषेत ‘यूसीपी१’. थंडी वाजताच मज्जातंतू नॉरॲड्रेनालिन सोडतात, मेद विघटित होतो आणि त्यातील मेदाम्ले हे दार उघडतात. तुंबलेले प्रोटॉन चक्राला वळसा घालून परततात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन रक्तावाटे अंगभर पसरते.

८/ १९६४ मध्येच मायकेल डॉकिन्स आणि डेव्हिड हल यांनी नवजात सशांमध्ये थंडी पडताच हे ऊतक तापते, हे दाखवले होते. दार सापडल्यावर त्या उष्णतेचा उगम स्पष्ट झाला. पण या शेगडीला इंधन लागते, प्राणवायूही लागतो. अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या बाळाकडे हा साठा तुटपुंजा असतो. तो संपला की अंग गार पडू लागते.

९/ अशा बाळाला ऊब बाहेरूनच द्यावी लागते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. आज तिला ‘कांगारू मातृसेवा’ म्हणतात.

१०/ महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया बाळाचे वजन घेत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करीत आणि त्याला उबदार झोळीत ठेवायला शिकवीत. या सर्व उपायांनी मिळून तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अहवाल छापला.

११/ २०११ पासून भारत सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. घरी जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सात भेटी, रुग्णालयात जन्मलेल्याला सहा. सातपुड्यात त्या भेटींसाठी डोंगर चढावे लागतात.

१२/ गेस्नरच्या मार्मोटपासून धडगावच्या पाड्यापर्यंतच्या या इतिहासाने एक गोष्ट पक्की केली. बाळाच्या पाठीतली शेगडी जन्मतःच पेटते, पण तिचे सरपण मोजके असते. ते पुरेपर्यंत कोरडे फडके, टोपी, आईचे दूध आणि आईची छाती बाळापर्यंत पोहोचली पाहिजे.