झुलत्या पुलांच्या मुख्य केबलची तपासणी

झुलत्या पुलाचा भार मोजक्या मुख्य केबलवर असतो. त्यातील एक तुटली, तर तो पेलण्यास दुसरे काही उरत नाही. गुजरातमधील मोरबीचा संस्थानकालीन पूल नूतनीकरणानंतर खुला झाला आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला. त्यात १३५ जणांचा बळी गेला. तुटलेल्या केबलच्या ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या होत्या व त्या आधीच तुटल्या असाव्यात, असे विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात म्हटले आहे. पुलाची फरशी नवी बसवली होती. केबल जुनीच होती.

गंज आतल्या तारांना लागतो आणि वरच्या रंगाआड दडतो. म्हणून मोठ्या पुलांवर केबलचे आवरण काढून, तारांमध्ये पाचरी ठोकून ती आतपर्यंत उघडली जाते. काही तारा कापून प्रयोगशाळेत तुटेपर्यंत ताणतात व त्यावरून उरलेली ताकद ठरवतात. स्कॉटलंडच्या फोर्थ रोड पुलाची अशी तपासणी झाली, तेव्हा तो जेमतेम चाळीस वर्षांचा होता. तरी केबलची ८ ते १० टक्के ताकद घटल्याचे आढळले. पुढे केबलमध्ये कोरडी हवा खेळवून गंज रोखण्यात आला. गेलेली ताकद परत येणार नव्हती. २०१७ मध्ये शेजारी नवा पूल उभा राहिला, तो मुख्यतः याच धास्तीपोटी.